मदत हवी आहे: म्हाताऱ्या लॅब्राडॉरला उन्हाळ्यात गार काय द्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही अकोल्याला राहतो. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि आमची राणी दिवसभर कूलरसमोर फरशीला पोट टेकून धापा टाकत पडलेली असते. जेवणाच्या ताटलीकडे बघत नाही, पण फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे वाजला की लगेच उठून येते.

सध्या बिया काढलेलं कलिंगड बिनसाखरेच्या दह्यात कुस्करून गोठवते आणि एखादा तुकडा देते. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं पीनट बटर कुत्र्यांना विषारी असतं, ते घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.

विचारायचंय ते असं: तिचे दात झिजलेत, मग कडक बर्फ चावून दात तुटेल का? त्यापेक्षा अर्धवट गोठवलेलं बरं का? मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या चिकनचं पाणी कुणी गोठवून देतं का? रोज चालतं का? वजनही वाढलंय, म्हणून दह्याऐवजी नुसती काकडी गोठवावी असं मनात आहे. तुमची कुत्री खातात का ती?

वयस्कर कुत्री सांभाळणाऱ्यांनी कृपया नक्की लिहा. तिची तगमग बघवत नाही हो.