रोखे विश्लेषण विभागात नेमके काम काय असते?

प्रश्न: संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपत असताना मला एका वित्तसंस्थेच्या फिक्स्ड इन्कम अ‍ॅनालिटिक्स विभागात संधी मिळत आहे. तिथे रोख्यांची खरेदी-विक्री करावी लागते की केवळ गणिती प्रारूपे तयार करावी लागतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: खरेदी-विक्रीचा निर्णय ट्रेडर घेतात, त्यासाठी लागणारे आकडे हा विभाग पुरवतो. बाजारातील किमतींवरून यील्ड कर्व्ह (वेगवेगळ्या मुदतींच्या रोख्यांवरील यील्डचा, म्हणजे परताव्याच्या दराचा, आलेख) बांधणे, त्यावरून प्रत्येक रोख्याचे मूल्य काढणे आणि व्याजदर बदलल्यास ते किती हलेल हे सांगणे, हा कामाचा गाभा आहे. उदाहरणार्थ, मॉडिफाइड ड्युरेशन (यील्डमधील बदलाला किंमत किती संवेदनशील आहे याचे माप) ७ असलेल्या रोख्याचा यील्ड १ टक्का अंकाने वाढला, तर किंमत अंदाजे ७ टक्क्यांनी घटते. मात्र बदल मोठा असेल तर कॉन्व्हेक्सिटी (यील्ड बदलतो तशी ही संवेदनशीलताही किती बदलते याचे माप) विचारात घ्यावीच लागते, आणि मुदतीपूर्वी परतफेड करण्याचा हक्क कर्जदाराने राखून ठेवलेला असेल, तर व्याजदरांच्या अनेक संभाव्य वाटा गृहीत धरून गणित करावे लागते. या कामातील खरा बौद्धिक आनंद, माझ्या मते, इथेच आहे.

उत्तर २: सहमत आहे, परंतु बराच वेळ विदा (डेटा) तपासण्यातही जातो. व्याजाचे दिवस ३०/३६० पद्धतीने (महिना ३० आणि वर्ष ३६० दिवसांचे धरून) मोजायचे की प्रत्यक्ष दिवसांनुसार, एवढ्या एका नोंदीतली चूकही जोखमीच्या अहवालापर्यंत पोहोचते.

उत्तर ३: पायथन ही प्रोग्रामिंग भाषा आणि एसक्यूएल ही विदासंचातून माहिती काढण्याची भाषा यांवर हात बसलेला असावा. मुलाखतीपूर्वी एका साध्या रोख्याचे मूल्य आणि ड्युरेशन स्वतः प्रोग्राम लिहून काढून पाहावे.