मदत हवी आहे: १ई १८४१-०४५ मध्ये फेब्रुवारीत दिसणारा ग्लिच (ताऱ्याच्या फिरण्याच्या वेगातली अचानक उडी) खरा का?

कालमापक
११.७९ सेकंदांत एक फेरी घेणारा मॅग्नेटार (अतितीव्र चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा), नायसर या क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फेज (फेरीतलं स्थान) नीट जुळते. मग तारा सूर्याच्या ४५ अंशांच्या आत येतो, त्यामुळे ८४ दिवसांचा खंड. फेब्रुवारीपासूनचे टीओए (स्पंद पोचण्याच्या वेळा) घालून पिंट या सॉफ्टवेअरमध्ये फिट केलं की एफ० (फिरण्याची वारंवारता) मध्ये १.४×१०^-७ हर्ट्झची उडी निघते, म्हणजे सापेक्ष १.६×१०^-६. एवढे ग्लिच मॅग्नेटारमध्ये सर्रास दिसतात. नोंदवावा का?

स्पंदशोधक
थांबा, आधी भागाकार करा. ८४ दिवस म्हणजे ७.२६×१०^६ सेकंद. त्याचा व्यस्तांक किती? १.४×१०^-७. तुमची उडी बरोब्बर एका फेरीची आहे! खंडात एक फेरी कमी-जास्त मोजली गेली असणार.

टिम फाइलमध्ये (टीओएंची यादी) पीएन फ्लॅगने स्पंदक्रमांक द्या, पार फाइलमध्ये (ताऱ्याचं मॉडेल) ट्रॅक -२ ठेवा, म्हणजे पिंट तेच क्रमांक धरेल. खंडानंतरच्या सगळ्या क्रमांकांत +१, -१, +२, -२ मिळवून दर वेळी नव्याने फिट करा आणि काय-वर्ग (फिट डेटापासून किती हुकतं त्याचं माप) शेजारी मांडून बघा.

शिवाय फक्त खंडानंतरच्या टीओएंवरून एफ० स्वतंत्र काढा. दोन टोकांच्या टीओएंची चूक प्रत्येकी ०.०३ फेरी धरली तर २×१०^-८ हर्ट्झच्या अचूकतेसाठी सुमारे २५ दिवस लागतात. एफ१ (एफ० बदलण्याचा दर, सुमारे -२.९×१०^-१३ हर्ट्झ प्रति सेकंद) शून्य ठेवू नका, तो एकटाच ३० दिवसांत जवळपास पूर्ण फेरी खातो.

कालमापक
एफ१ नोव्हेंबरचाच गोठवला तर?

स्पंदशोधक
तिथेच गोम आहे. या ताऱ्यात टायमिंग नॉईज (फिरण्यातली अनियमितता) भरपूर. खंडात एफ१ पाच टक्के जरी सरकला, तरी फेजमध्ये ०.४ फेरीचा फरक पडतो. दोन पर्यायांचा काय-वर्ग जवळजवळ सारखा आला तर दोन्ही छापा, ग्लिच म्हणू नका.

अक्षवृत्त
घड्याळही तपासा. कुठे टीटीऐवजी (खगोलशास्त्रातली एकसमान वेळ) यूटीसी (रोजच्या व्यवहारातली प्रमाणवेळ) शिरलं असेल तर ६९.१८४ सेकंद, म्हणजे ५.८७ फेऱ्या. पूर्ण फेऱ्या दिसत नाहीत, फेज फक्त ०.१३ ने सरकते आणि खपून जाते. बॅरीकॉर (वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राशी आणणारा प्रोग्राम) दोनदा चालवलं नाही ना, तेही बघा. ताऱ्याच्या आकाशातल्या निर्देशांकांवर मात्र वेळ घालवू नका, एका आर्कसेकंदाची चूक जास्तीत जास्त २.४ मिलिसेकंद.

पुढच्या फेब्रुवारीत पहिल्याच दिवशी दुर्बिणीच्या पृथ्वीभोवतीच्या लागोपाठच्या ४-५ कक्षांत निरीक्षण मागा, मग १, ३, १० आणि ३० दिवसांनी. सुरुवातीलाच महिन्याची उडी मारलीत तर फेऱ्या मोजता येणार नाहीत.