बँडला तिकीट लावलं म्हणून एवढं पोटात दुखायचं कारण काय?

मोसंबीवाला, जालना
काल इथं एका सभासदानं लिहिलं : "जालन्याच्या हौशी बँडनं दिवाळीनंतर तीन कार्यक्रम जाहीर केलेत. जालना, अंबड आणि संभाजीनगर. वर शंभर रुपये तिकीट! बँड म्हणजे वरातीत वाजायची गोष्ट. खुर्चीत बसून कोण ऐकणार?" खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तिथंच उत्तर देणार होतो, पण लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

वरातीत वाजतं ते ऐकण्यासाठी वाजतच नाही हो. तिथं मास्तरला, म्हणजे क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मुख्य वादकाला, ढोल-ताशापुढं टिकाव धरायचा असतो, म्हणून क्लॅरिनेट सतत वरच्या सप्तकात किंचाळत ठेवावं लागतं. त्याच क्लॅरिनेटचा खालचा, खर्जाकडचा आवाज रस्त्यावर कुणीही ऐकलेला नाही. मी यांच्या तालमीला जाऊन बसतो. राज्य राखीव पोलीस दलाच्या बँडमधून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते स्वरलिपी लिहून आणतात. लग्नाच्या बँडमधले मास्तर कागदाकडं बघतही नाहीत, एकदा ऐकतात आणि वाजवतात. कॉलेजची पोरं दोघांच्या मधे बसून दोन्ही शिकतात. एक तुकडा संपला की ट्रम्पेटवाला खालचा चाप दाबून नळीतलं पाणी फरशीवर सोडतो. बघणाऱ्याला वाटतं थुंकी, असते श्वासाची वाफ गार होऊन साचलेली. तेवढ्या वेळात मास्तर रीड, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची पातळ पट्टी, तोंडात धरून ओली ठेवतो, कारण कोरडी रीड बोलत नाही. एवढी मेहनत शंभर रुपयांची नाही?

आणि बसून ऐकायचा बँड ही काही नवी टूम नाही. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी साथीत पोरक्या झालेल्या मुलांना घेऊन बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग हे ठोकून वाजवायचं वाद्य बनवलं. दरवर्षी 29 जानेवारीला दिल्लीत विजय चौकात सैन्याच्या बँडचं बीटिंग रिट्रीट होतं, तिथं लोक बसूनच ऐकतात ना?

सरळबोल्या
ते वाक्य माझंच आहे, तर पुरतं द्या. मी पुढं असंही लिहिलं होतं की मैदानात ठेवा, फुकट ठेवा, सगळं गाव येईल. सोयाबीनला भाव नाही, लोकांच्या खिशात पैसा नाही आणि तुम्ही चार जणांना घेऊन बसता तिकिटात. घरातले पाच जण आले की पाचशे गेले. दिल्लीची उदाहरणं दिल्लीत ठेवा.

रियाजी, नांदेड
तिकिटाचं सोडा. मूळ प्रश्न वाद्याचा आहे. क्लॅरिनेट चाव्यांचं वाद्य, स्वर ठोकळ्यासारखे सुटे पडतात. त्यावर मारवा, दरबारी असे राग वाजवणार म्हणे! दरबारीचा आंदोलित, म्हणजे हळू झुलणारा, गंधार चावीतून काढून दाखवा, मग बोलू. सुषिर, म्हणजे फुंकीचं, वाद्यच ऐकायचं तर सनई ठेवा. सनईला चावी नसते, बोटानं आणि फुंकीनं स्वर हलतो.

मोसंबीवाला
रियाजी सर, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण हेच आक्षेप पेटीवरही, म्हणजे हार्मोनियमवरही, घेतले होते. आकाशवाणीनं 1940 साली पेटीवर बंदी घातली, ती उठायला 1971 उजाडलं. आज पेटीशिवाय तुमची मैफल उभी राहते का? क्लॅरिनेटला तर चाव्यांखेरीज बोटांनी झाकायची उघडी भोकंही असतात. बोट अर्धवट सरकवलं आणि ओठ सैल केला की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघते. ए. के. सी. नटराजन यांनी याच वाद्यावर अख्खं कर्नाटक संगीत वाजवलं. तिकडचे गमक, म्हणजे स्वरांची हेलकावे, यातून निघतात, तर आपला गंधार का निघू नये?

सरळबोल्या भाऊ, मैदानात न ठेवण्याचं कारण साधं आहे. उघड्यावर आवाज परत येत नाही, म्हणजे माइक आले, स्पीकर आले आणि पुन्हा तोच गोंगाट. शिवाय हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर पितळी वाद्यांचा स्वर उतरतो. नळीतली हवा गार झाली की सूर खाली येणारच. संध्याकाळी मिळवलेला सूर नऊ वाजता राहत नाही.

मास्तरची लेक, परभणी
मी कधी लिहीत नाही, पण इथं राहवलं नाही. माझे वडील बँडमध्ये मास्तर होते. तुळशीचं लग्न लागलं की सुपाऱ्या सुरू, आषाढापर्यंत. पुढं चातुर्मासात हात रिकामे, त्यात पोळ्याची, गणपतीची एखादी सुपारी मिळाली तर मिळाली. त्या काळात ड्रेस पेटीत आणि वडील दुसऱ्याच्या रानात.

लहानपणी मी त्यांच्यासोबत लग्नाला जायची. नवरदेव परण्याला, म्हणजे लग्नाआधीच्या मिरवणुकीत, मांडवापर्यंत यांच्या वाजवण्यावर नाचत यायचा. मंगलाष्टकं झाली की बँडवाले मांडवाच्या मागं, कढयांपाशी. त्यांची पंगत सगळ्यांत शेवटी. बुंदी संपलेली असायची, वरण पातळ केलेलं असायचं. वडील पत्रावळीवर मान खाली घालून जेवायचे आणि मला सांगायचे, "मास्तर म्हणतात ना मला, मग झालं." मास्तर म्हणायचे, पण बसायला कुणी खुर्ची दिली नाही. तिकिटाचं मला एवढंच कळतं की माणूस पैसे देऊन समोर बसला, तर वाजवणाऱ्यालाही खुर्ची द्यावी लागते.

आधी बेंजो पार्टी आली, मग डीजे. वडिलांचं क्लॅरिनेट शेवटी भंगाराच्या भावात गेलं.

साउंडवाला, बीड
ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण गाव बिघडवलं ते डीजेनं, हे दरवेळी ऐकून कान किटलेत. माझा बाप पण ढोल वाजवायचा. आमच्याच वस्तीतले आम्ही. बेंजो विकला, कर्ज काढलं, गाडी घेतली, साउंड बसवला. मला आता कुणी कढईमागं बसवत नाही. ॲडव्हान्स आधी खात्यात येतो, मग गाडी हलते. ढोल गळ्यात असता तर दिला असता का कुणी? तुम्हाला कला जपायची तर जपा, पण आमच्या पोरांनी त्याच ड्रेसात भर उन्हात चालत वाजवावं ही अपेक्षा का?

कान गेलेला, गेवराई
साउंडवाले भाऊ, इज्जत मिळाली, चांगलं झालं. पण शेजाऱ्यांचं काय? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. तुमच्या स्पीकरच्या भिंतीसमोर खिडकीची तावदानं थरथरतात. माझ्या आईचं हृदयाचं ऑपरेशन होऊन ती घरी आली, त्याच रात्री दारावरून वरात. मी पाया पडलो, आवाज कमी केला नाही. उलट एकानं मला ढकललं.

साउंडवाला, बीड
मी ढकललं का? वरातीतली प्यालेली माणसं आवाज वाढवायला लावतात, कमी केला तर पैसे अडवतात. मालकाला बोला की. गरिबावर सगळे तुटून पडतात.

कान गेलेला, गेवराई
गरीब म्हणे! बटण कुणाच्या हातात असतं?

प्रार्थनेचे सर, लातूर
विषय भरकटलाय, पण माझंही दुखणं आहे. आमच्या शाळेत बँड पथक होतं. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला पोरं ड्रम, बिगुल, बासरी घेऊन उभी राहायची. आता प्रार्थनेला ब्लूटूथचा स्पीकर. नवीन वाजवणारा येणार कुठून? या बँडनं कार्यक्रमाआधी शाळेत येऊन तासभर वाजवावं, माझी एवढीच मागणी.

सरळबोल्या
बघा, निघालं ना? कला, इज्जत म्हणता म्हणता जात आणि वस्तीवर आलात. मी साधा तिकिटाचा प्रश्न विचारला होता.

मास्तरची लेक, परभणी
दादा, "वरातीत वाजायची गोष्ट" हे तुम्हीच लिहिलंत. वरातीत कोण वाजवत होतं आणि कोण नाचत होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. मी जात काढली नाही, ती त्या पंगतीतच होती.

साउंडवाले दादा, तुमचं मला पटतं. माझ्या भावानंसुद्धा क्लॅरिनेट हातात धरलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. पण तुम्हाला जी इज्जत गाडीमुळं मिळाली, ती माझ्या वडिलांना फुंकीवर मिळायला हवी होती. तेच हे लोक करताहेत तर करू द्या की.

रियाजी, नांदेड
गंधाराबाबत माझं मत कायम. नटराजन यांचं वादन मी ऐकलंय, ती तपश्चर्या होती. दर रविवारच्या तालमीतून ते येत नाही. मात्र अंबडला ठेवलाय हे बरं केलंत. दत्तजयंतीच्या उत्सवात रात्ररात्र गाणं ऐकलेलं गाव आहे ते. सूर गेला तर समोरची माणसं चुळबुळ करतील आणि जमला तर उठणार नाहीत. मी अंबडला येईन.

साउंडवाला, बीड
जालन्याच्या हॉलमध्ये निवेदकाला माइक लागेल तर माझ्याकडून. भाडं नको. पण स्टेजवर ढोलवाले मागच्या रांगेत आणि पोलीस बँडवाले पुढं असं दिसलं तर मी उठून जाईन.

मोसंबीवाला
मागच्या रांगेचं सांगतो. सगळ्याच बँडमध्ये मोठ्या आवाजाची वाद्यं मागं बसतात, नाहीतर क्लॅरिनेट झाकलं जातं. त्यात मान-अपमान नाही. पण तुमची शंका रास्त आहे. कार्यक्रमाच्या कागदावर फक्त संचालकाचं नाव छापायचं चाललंय. झांजवाल्यापासून सगळ्यांची नावं टाका, हे मी परवाच्या तालमीत बोलतो. शाळेचंही विचारतो.

सरळबोल्या
नावं छापणार असाल तर जालन्याचं एक तिकीट माझं धरा. एकच. घरच्यांना आणणार नाही, पाचशेचा हिशोब मी मागं घेतलेला नाही. आणि शेवटच्या रांगा तरी विद्यार्थ्यांना फुकट ठेवा, याचंही उत्तर द्या.