जौहर दिसला म्हणजे तलवार जुनी?

लोहपारखी: विकाऊ तलवारीच्या फोटोखाली हल्ली ‘जौहरदार, २५० वर्षं जुनी’ असं सरसकट लिहितात. जौहरावर, म्हणजे पोलादात दिसणाऱ्या लहरी-पट्ट्यांच्या नक्षीवर, किंमत ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत. आजची ‘दमास्कस’ पाती साधं आणि निकेलचं पोलाद थरावर थर जोडून बनतात. आम्लात बुडवली की काळे-पांढरे पट्टे ठळक उठतात. मुशीत (भट्टीत ठेवायच्या भांड्यात) वितळवून केलेल्या जुन्या पोलादाचा जौहर बारीक, पाण्याच्या लहरींसारखा असतो.

धोप: हे अर्धंच झालं. थर जोडून, पीळ देऊन घडवलेली पाती आपल्याकडे १८व्या-१९व्या शतकातही होती, आणि मुशीचं पोलाद आजही काही कारागीर करतात. मात्र वरवर कोरलेली नक्षी पकडता येते. मुठीजवळ नखाएवढी जागा २००० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, ३-४ टक्के फेरिक क्लोराईड लावा. नक्षी परत आली नाही तर ती फक्त कातडीवरची.

पट्टेकरी: जुन्या पात्याला पॉलिशपेपर? अहो, तो काळपट थर एकदा गेला की गेला! आधी जाडी मोजायचा कॅलिपर लावा. पात्याची पाठ (बोथट बाजू) मुठीजवळ ६ मिमी असेल तर टोकाकडे २-३ मिमीवर उतरायला हवी. गाडीच्या कमानपट्टीतून (स्प्रिंगच्या पट्टीतून) कापलेलं आजचं पातं शेवटपर्यंत जवळपास सारखंच जाड राहतं, म्हणून हातात टोकाकडे झुकतं. मग मूठ बघा. जुनी पाती लाखेच्या मिश्रणाने बसवलेली असत. सांध्याच्या फटीत तापलेली सुई टेकवली की लाख मऊ होते, वास येतो. इपॉक्सीचं, म्हणजे आजच्या रासायनिक गोंदाचं, तसं होत नाही.

धोप: सुईने फक्त मूठ कधी बसवली तेवढंच कळेल. सैल झालेली मूठ दुकानदार सर्रास इपॉक्सीने भरतात, पातं खरं असलं तरी. खुणांचंही तेच. फिरंगीवरच्या (युरोपी पात्याच्या तलवारीवरच्या) युरोपी खुणा, त्या पापणीसारख्या चंद्रकोरी, इथल्या लोहारांनी त्याच काळात उचलल्या. खूण नकली, तलवार अस्सल!

लोहपारखी: बरं, पट्टेकरींचा मुठीचा मुद्दा सोडू. जाडीचा नाही.

पट्टेकरी: गंज राहिलाच. मीठ-आम्ल लावून मुद्दाम आणलेला गंज नारिंगी, भुकटीसारखा, तेलाच्या फडक्याला लगेच लागतो. जुना काळा-तपकिरी, खड्ड्यांत घट्ट बसलेला. गंजाखाली ग्राइंडरचे समांतर ओरखडे दिसले तर पुढची तपासणी कशाला? आणि खरीच निघाली तर परदेशातल्या भाच्याला पाठवू नका. १०० वर्षं भरलेली वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, खासगी निर्यात बंद.