अनुभव धागा : एआरटी सुरू झाली, पुढे टिकली कशी?

समुपदेशक_ताई
मी सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात तिथे, बरीच वर्षं काम केलं. 2004 च्या एप्रिलमध्ये मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा सीडी-4 (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ठरावीक आकड्याच्या खाली गेल्याशिवाय गोळी मिळत नसे. 2017 पासून सीडी-4 कितीही असो, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की उपचार सुरू. बहुतेकांना आता टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली, दिवसाला एकच गोळी. तरी माणसं गळतात. रजिस्टरात नावापुढे 'एलएफयू' (यायचं थांबला, संपर्क तुटला) लागतं, का गळाली ते कुठेच लिहिलेलं नसतं. 'पेशंटच बेफिकीर' हे उत्तर मला कधी पटलं नाही. ज्यांनी भोगलंय, घरात पाहिलंय, त्यांनी लिहा. गाव, केंद्र, खरं नाव नको.

कोयत्याचं_पोर
आईबाप दोघंही गोळ्यांवर, दोघंही ऊसतोडीला. दिवाळी झाली की टोळी बीडहून कोल्हापूर-सांगलीकडं निघते, ती उन्हाळा लागेपर्यंत. गोळ्या मिळायच्या महिन्याच्या. त्या संपल्या की गावाकडं जाऊन आणायच्या कशा? एक खाडा पडला की मुकादम उचलीतून पैसे कापतो, आणि कशाला चाललाय ते त्याला सांगायचं काय? दोन हंगाम असेच गेले, बापाला टीबी झाला. मग केंद्रातल्या मॅडमनी सांगितलं की उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक सोबत न्या, कारखान्याजवळच्या केंद्रात दाखवा. तिथल्यांनी आमच्या केंद्राला फोन लावून खात्री केली आणि गोळ्या दिल्या. आता आई ते पुस्तक पिठाच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून ठेवते. कोपीला दार नसतं, पण पिठाच्या डब्यात कुणी हात घालत नाही.

घाटावरची
माझं कारण एकदम फालतू वाटेल. एसटीत आम्हाला सवलत आहे, पण कार्ड दाखवायचं कंडक्टरला, आणि कंडक्टर आमच्याच तालुक्यातला. पूर्ण तिकीट काढून जायचे. पैसे नसले की जायचेच नाही. गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम मिळायला लागल्या आणि प्रश्न मिटला. सवलत वाढवण्यापेक्षा खेपा कमी करा, हे माझं मत.

समुपदेशक_ताई
फालतू अजिबात नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जास्त दिवसांच्या गोळ्या द्याव्याच लागल्या. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) आटोक्यात असलेल्या पेशंटला दर महिन्याला बाकावर बसवून काय साधतं, हे मी आधीपासून विचारत होते.

हॉस्टेलवाला
मला जन्मापासून आहे. आजी 'शक्तीच्या गोळ्या' म्हणून द्यायची, खरं कळलं ते दहावीच्या आसपास. राग आजीवर नव्हता, पण कुणावर तरी काढायचा होता, तो गोळ्यांवर निघाला. त्यात हॉस्टेल. एका खोलीत चौघं, आणि डबी हलली की खुळखुळते. व्हायरल लोड 1000 च्या वर गेला. मला वाटलं, आता औषध बदलणार. तसं नसतं. आधी समुपदेशन, मग पुन्हा तपासणी. ताईंनी लेक्चर दिलं नाही, विचारलं, 'डबी कुठे ठेवतोस?' लेबल काढून टाकलं, वर कापूस दाबून भरला, डबी शेव्हिंगच्या किटमध्ये गेली. वेळही बदलली, रात्री सगळे जागे असतात म्हणून सकाळी ब्रश करताना. पुढच्या तपासणीत लोड खाली.

फिरस्ता
मी ओआरडब्ल्यू, म्हणजे गावोगाव फिरून पेशंटना भेटणारा कार्यकर्ता. एलएफयूची यादी घेऊन घरं शोधतो. फोनवर 'एआरटीतून बोलतोय' म्हणालो तर संपलंच, सासू उचलते. आधीच पेशंटला विचारून ठेवतो, कोण म्हणून येऊ? कुणाचा विमा एजंट, कुणाचा बचत गटाचा माणूस. एका दादाच्या घरी मी म्हशीचा गिऱ्हाईक होतो, त्याच्या वडिलांनी खरंच भाव सांगितला! यादीतले काहीजण भेटत नाहीत, काही वारलेले असतात. जे भेटतात त्यांना 'इतके दिवस कुठे होता' हे विचारायचं नाही. केंद्रात परत आल्यावर पहिल्या दिवशी कुणी खेकसलं तर तो माणूस पुन्हा येत नाही, मग माझे सगळे हेलपाटे पाण्यात.

शिफ्टवाला
कंपनीत कळलं तर काढतील का? त्या भीतीनं मी सुट्टीच मागत नाही.

समुपदेशक_ताई
एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येत नाही, आणि कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय कुणी ही माहिती फोडूही शकत नाही. अर्थात सुपरवायझरनं कायदा वाचलेला नसतो, ते मलाही माहीत आहे. सुट्टी 'दवाखाना' एवढंच लिहून मागा, आजार सांगायची गरज नाही. आणि 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे विचारून घ्या.

दोघी_एक_लेक
नवरा पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. लोड सतत 'आढळत नाही' असा असेल तर संबंधातून लागण होत नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. तोवर तो गोळी माझ्या धाकानं घ्यायचा. त्यानंतर मूल हवं म्हणून स्वतःहून घ्यायला लागला. लेक आता बालवाडीत आहे. @शिफ्टवाला, आमच्या केंद्रात ओळखीच्या माणसाला गोळ्या न्यायला पाठवता येतं, तुमच्याकडे चालतं का विचारून बघा. ह्यांच्या रात्रपाळीत मीच जाते.