‘नंबर लावणे’ आणि ‘नंबर लागणे’

रांगांच्या गणितावर मुलांसाठी मराठीत टिपण लिहून राहिले. ‘क्यू’ला रांग ठीक आहे, पण ‘वेटिंग टाइम’ला काय म्हणू? ‘प्रतीक्षाकाल’ म्हटलं की वर्ग हसतो. आणि एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जावं लागतं, त्या रांगांना?

— ताई, शब्द आपल्या तोंडातच आहे. परवा आईला घेऊन धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेलो. केस पेपरच्या खिडकीवर नंबर लावला. बऱ्याच वेळानं लागला, तर आतून आवाज : “आता पैसे भरायच्या खिडकीवर नंबर लावा.” आई म्हणे, “अवो, आत्ताच तं लागला ना!” लावला आणि लागला, यांच्या मधला वेळ म्हणजे खोळंबा. खिडकीसमोर गेलेली मिनिटं त्यात धरायची नाहीत.

समजा तासाला सरासरी 10 जण येतात, कसेही, वेळ न ठरवता. पहिली खिडकी तासाला 12 जणांना उरकू शकते, दुसरी 15. कुणाला किती वेळ लागेल तेही लहरीवर. मग पहिलीपाशी सरासरी 30 मिनिटं जातात, दुसरीपाशी 12. एकूण 42, त्यात काम फक्त 9 मिनिटांचं. बाकी 33 खोळंबा! येणारे 10 चे 11 झाले तर 42 ची 75 होतात. तासाला एकच माणूस वाढला, बाप्पा.

दोन्ही खिडक्यांचा हिशोब वेगवेगळा करून नुसती बेरीज चालते, कारण अशा खिडकीतून सुटणारी माणसंही आल्यासारखीच विस्कळीत सुटतात. बर्क नावाच्या गणितज्ञांनी हे 1956 मध्ये सिद्ध केलं. या गणिताची सुरुवात 1909 ची, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीपासून, तिथले गणितज्ञ एर्लांग यांची.

— ‘खोळंबा’ मला पटत नाही. गाडी बंद पडली, काम अडलं, तर खोळंबा. रांग नीट सरकत असली तरी माणूस थांबतोच की. ‘थांबण्याचा वेळ’ म्हणा ना सरळ. आणि खऱ्या दवाखान्यात सगळे नऊलाच येऊन बसतात, तिथं तुमची बेरीज चालायची नाही.

— नऊचं कबूल. ‘खोळंबा’ मात्र सोडत नाही.

— रांगेला शेगावात ‘बारी’ म्हणतात, दर्शनबारी. ताई, ‘टप्प्याटप्प्याची बारी’ कसं वाटतं?

— छान! शीर्षकात तेच घेते. सूत्राशेजारी सध्या ‘थांबण्याचा वेळ’. आता एवढंच सांगा, लांबलचक रांग पाहून नंबर न लावताच परत फिरतो, त्याला काय म्हणायचं? गणितात तोही मोजावा लागतो.