मदत हवी आहे: ऑनलाइन ‘थापकोश’ खेळताना सगळ्यांना सारखी संधी कशी मिळेल?

धागाकर्ती

मंडळी, नमस्कार.

आम्ही कॉलेजपासूनचे सात मित्रमैत्रिणी. आता कोणी साताऱ्यात, कोणी अकोल्यात, दोघं पुण्यात, एकजण रत्नागिरीत, एक मैत्रीण बेंगळुरूत आणि एक मित्र न्यू जर्सीत. रविवारी रात्री साडेनऊला, म्हणजे सध्या तिकडे दुपारी बाराला, आम्ही व्हिडिओ कॉलवर जमतो आणि थापकोश खेळतो. हे नाव आमचंच. इंग्रजीत हा खेळ फिक्शनरी म्हणून खेळतात. १९८४ साली तो कॅनडातून ‘बॉल्डरडॅश’ या नावाने खोक्यात विकायलाही आला.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ज्याची पाळी असेल तो कोशातून एक अनोळखी शब्द काढतो. बाकीचे त्याचा खरा वाटेल असा खोटा अर्थ रचून त्याला खाजगीत पाठवतात. तो त्यात कोशातला अर्थ मिसळतो, सगळे अर्थ गटात टाकतो आणि मग मतं पडतात. खरा अर्थ ओळखला तर दोन गुण. आपल्या थापेला जितकी मतं पडतील तितके गुण आपले. खरा अर्थ कुणालाच ओळखता आला नाही तर शब्द काढणाऱ्याला तीन.

खेळ अतिशय रंगतो. ‘इर्जिक’ या शब्दाला आमच्याकडे एका चर्मरोगापासून दस्तऐवजाच्या समासातल्या खुणेपर्यंत काय काय अर्थ मिळाले! पण साताऱ्याच्या मित्राने खरा अर्थ वाचल्या वाचल्या ओळखला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापले बैल-औतं आणून एकाचं रान एका दिवसात उरकून द्यायचं आणि मालकाने सगळ्यांना जेवू घालायचं, ही इर्जिक त्याने घरच्या शेतात पाहिलेली. ‘पाखाडी’ काढला तेव्हा रत्नागिरीच्या मैत्रिणीला विचारच करावा लागला नाही; दगडी पायऱ्यांच्या असल्या वाटेवरूनच ती शाळेत जायची. ‘भेदरं’ म्हणजे टोमॅटो हे अकोलेकराला कोण सांगणार? असा शब्द निघाला की त्या फेरीतली मजाच जाते.

माझी खरी काळजी मात्र बेंगळुरूच्या मैत्रिणीची आहे. ती तिथेच इंग्रजी माध्यमात वाढली, कॉलेजला पुण्यात आली. मराठी छान बोलते, घरी मराठीच आहे, पण देवनागरीत लिहायची सवय नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, वाक्यं छोटी असतात, त्यामुळे तिचा अर्थ कोणता हे सगळ्यांना लगेच कळतं आणि त्याला कुणी मत देत नाही. तिच्या कल्पना आमच्यापेक्षा सरस असतात, हे मी मनापासून सांगते आहे. गेल्या वेळी ती म्हणाली, “तुम्ही लिहा, मी नुसती मतं देत जाईन.” मला ते फार लागलं. ती बाजूला बसणार असेल तर हा खेळ आमचा राहणार नाही.

तर शब्द कुठून आणि कसे निवडावेत, अर्थ कसे गोळा करावेत आणि कोशात डोकावणं कसं टाळावं, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावं. आमच्याकडे दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, दोन्ही ऑनलाइन. खास ॲप नको, न्यू जर्सीवाला सोडला तर सगळे फोनवरूनच खेळतात.

कोशवेडी

आधी लिखाणाचं. लिहिलेले अर्थ गटात टाकणं आजपासून बंद करा. शब्द काढणाऱ्याने सगळे अर्थ स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायचे आणि एकाच सुरात मोठ्याने वाचायचे. उतरवताना शुद्धलेखन आपोआप एकसारखं होतं. वाक्यरचना हलकीशी सारखी करायची मुभा त्याला द्या, आशयाला हात लावायचा नाही. तुमच्या मैत्रिणीने अर्थ बोलून पाठवला तरी चालेल. ध्वनिसंदेश फक्त शब्द काढणाराच ऐकणार आहे.

दुसरं, कोशातला अर्थही ओळखू येतो, हे लक्षात आलंय का? दाते-कर्व्यांत आधी पु., स्त्री., न. असं लिंग येतं, मग अर्थ, मग अवतरण. मोल्सवर्थचा अर्थ इंग्रजीत असल्याने भाषांतर केलं की त्याला वेगळाच वास येतो. म्हणून शब्द सांगतानाच लिंगही सांगून टाका आणि खरा अर्थ आपल्या बोलीत, एका वाक्यात सांगा. लिंग आधी न सांगितल्यास स्त्रीलिंगी शब्दाला कुणीतरी ‘एक प्रकारचा दोर’ लिहितं आणि बिचारा तिथेच पकडला जातो.

आडवाट

मतांबद्दल. व्हॉट्सॲपच्या कौलात कुणी कशाला मत दिलं ते दिसतं, मग मागचे लोक पुढच्यांच्या मागे जातात. कॅमेऱ्यासमोर ‘एक, दोन, तीन’ म्हणून सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची. अर्थ क्रमांक चार, तर चार बोटं. आमच्याकडे हेच चालतं.

मूळचा_अकोल्याचा

भेदरं वाचून बरं वाटलं :) दाते-कर्व्यांत प्रांतिक शब्दांपुढे कंसात खूण असते, (कों.) म्हणजे कोकणी, (व.) वऱ्हाडी, (गो.) गोमंतकी. तुमच्यात गोव्याचं कुणी दिसत नाही, तेव्हा (गो.) खुणेचे शब्द काढा. (व.) आणि (कों.) तूर्त वर्ज्य. शेतीचे शब्दही साताऱ्याच्या मित्रासमोर काढू नका, त्याला ते पाठ असणार.

कोशवेडी

त्याहून चांगला उपाय सुचतोय. अनोळखी शब्दच कशाला हवेत? ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ विचारा. ‘घोडी’ सगळ्यांना माहीत, पण तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात तीही घोडी, हे गाण्याशी संबंध नसलेल्याला कुठून माहीत असणार? ‘माशी’ घ्या. बंदुकीच्या नळीवर नेम धरायला जी खूण असते तिलाही माशी म्हणतात. दाते-कर्व्यांत एकेका शब्दाखाली पाच-सात अर्थ असतात, त्यातला खालचा उचलायचा.

यात तुमच्या मैत्रिणीचा प्रश्नही बराचसा सुटेल. घोडी आणि माशी तिलाही तितक्याच ठाऊक आहेत जितक्या तुम्हाला. कुणी गावात वाढलं, कुणी मराठी शाळेत गेलं, याचा फायदा जवळजवळ उरत नाही. तिथे फक्त कल्पना चालते, आणि ती तिच्याकडे भरपूर आहे असं तुम्हीच लिहिलंय. शिवाय कोशात चटकन डोकावलं तरी सात अर्थांपैकी कोणता विचारलाय हे कळत नाही.

आडवाट

+१. आणि जोड्या लावा. सात जणांत एकजण शब्द काढणार, उरलेल्या सहांच्या तीन जोड्या. दोघांनी पाच मिनिटं फोनवर बोलून एक अर्थ रचायचा, जोड्या दर फेरीला बदलायच्या. तीन थापा आणि एक खरा, असे चारच अर्थ ऐकायला लागतात. सात अर्थ नुसते ऐकून कुणाच्या लक्षात राहणार? कोशात बघण्याचा मोहही कमी होतो, कारण जोडीदार सोबत असतो.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. घोडीचा उपाय वाचून मी लगेच तिला फोन केला. तिने तिथल्या तिथे ‘घोडी म्हणजे लोणच्याच्या बरणीखालची तिवई’ असं इतकं गंभीरपणे सांगितलं की मी फसलेच असते. येत्या रविवारी जोड्या लावून, वाचून दाखवून खेळणार. एक शंका राहिली: जोडीने मत एकच द्यायचं की वेगवेगळं?

आडवाट

वेगवेगळं. अर्थ दोघांचा, मत आपापलं. मात्र स्वतःच्या जोडीच्या अर्थाला मत देता येणार नाही, हे खेळ सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा.